राजगिऱ्याला रायझर

चिंचवड स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर अण्णासाहेब ओव्हाळांचं घर. हाक अण्णासाहेबांची असेल तर हे अंतर पार आकुर्डीपर्यंत धरायला हरकत नाही. छत्तीस वर्षं भोसरीच्या फाउंड्रीत भट्टीच्या वर आवाज चढवून बोललेला गळा तो. त्यांनी घरात मीठ मागितलं की खालच्या मजल्यावरची माणसं मीठ घेऊन वर यायची.

माणूस पॅटर्नमेकर. म्हणजे लोखंडाची वस्तू ओतायच्या आधी तिचा लाकडी नमुना करणारा. या लोकांची फूटपट्टीसुद्धा निराळी असते. ओतलेलं लोखंड निवताना फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आकसतं, म्हणून यांच्या पट्टीवरचा फूट बाजारातल्या फुटापेक्षा सूतभर मोठा. अण्णासाहेबांनी आख्खं आयुष्य त्या पट्टीवर मोजलं. पडद्याचं कापड आणलं ते सूतभर मोठं. चपला सूतभर मोठ्या. मुलीसाठी, आम्रपालीसाठी, जावई बघितला तोही मुद्दाम उंच बघितला. म्हणाले, "संसारात पडला की आकसतो. आधीच सोय ठेवलेली बरी." आणि जावई आकसलाही. दिघीला जाऊन बघा, दाराच्या चौकटीला पूर्वी डोकं आपटायचं, आता आपटत नाही.

जगातली प्रत्येक वस्तू आकसणार हे धरून चालणारा असा हा माणूस. पण पालेभाजी आकसते हे मात्र त्याला एक्केचाळीस वर्षांत एकदाही पटलं नाही.

दर रविवारी घरात राजगिरा व्हायचा. चाकणच्या पलीकडून बिरू नावाचा गडी टेम्पोत भाजी भरून सोसायटीच्या फाटकाशी यायचा. त्याच्याकडून अण्णासाहेब स्वतः निवडून भारा आणायचे, दांडा जाड, पानं तळहाताएवढी, मातीचा वास येणारा. लिफ्टमध्ये भारा आणि अण्णासाहेब एकाच वेळी मावत नसत. आधी भारा वर जायचा, मग अण्णासाहेब.

पुढचं काम बायकोचं, तानुबाईंचं. भरपूर लसूण ठेचायची, तेलात सुक्या मिरच्या काळ्या होईस्तोवर परतायच्या, आणि त्यात मटण. पूर्वी चाळीत असताना त्या मटणाच्या पट्ट्या दोरीवर कडकडीत वाळवून ठेवत आणि मूठमूठ भाजीत टाकत. चाळ पाडून सोसायटी झाली. तानुबाईंनी सवयीनं गॅलरीत मटणाची माळ वाळत घातली, तर कमिटीनं पत्र पाठवलं, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत, म्हणजे कुठूनही पळवाट नको. मग त्यांनी पिंपळे सौदागरच्या एका एसीनं गारठलेल्या दुकानातून सॉसेज आणलं. लांबून बघितलं, वास घेतला आणि निकाल दिला, "माळच हाय ही. नुसती वाळवायची राहिली."

त्या दिवसापासून राजगिऱ्यात सॉसेज. धुरकट वासाचे ते जाड तुकडे लसणीत खरपूस परतायचे, वर राजगिरा दाबून दाबून भरायचा, झाकण ठेवायचं. सोबत बाजरीची भाकरी आणि लिंबाचं लोणचं. हे लोणचं मोठं गुणाचं. अण्णासाहेब म्हणायचे, असं लोणचं घालणारी बाई चिंचवडात दुसरी नाही. तानुबाईंना लिंबं कापताना मात्र त्यांनी कधी बघितलं नव्हतं. पण फाउंड्रीतल्या माणसाला सगळंच कुठं बघायला मिळतं?

तर झाकण निघालं की अण्णासाहेब पातेल्यात वाकायचे. आणि एक्केचाळीस वर्षं, दर रविवारी, आकुर्डीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे,

"गेली कुठं?"

"आटली," तानुबाई म्हणायच्या.

"एवढी?"

"एवढी."

मग ते मान हलवत जेवायला बसायचे. इतकं सगळं ठरलेलं.

बिघडलं ते एका थंडीतल्या रविवारी. समोरच्या गवराबाई पाण्याच्या टँकरचं विचारायला दारात उभ्या होत्या. या गवराबाई चाळीतही समोर राहायच्या, इथंही समोरच. झाकण निघालं. अण्णासाहेब वाकले. "गेली कुठं?" झालं. "आटली" झालं. तिथं थांबायचं, तर गवराबाई दिसल्यामुळे त्यांना विनोद सुचला.

"आटली का समोर पोचवलीस निम्मी?"

गवराबाईंना ठसका लागला. तानुबाईंनी पळी खाली ठेवली.

"काय म्हणालात?"

"अगं, लिफ्टमध्ये मावंना एवढा भारा आणला. उरली वाटीभर. मधली काय पाय फुटून गेली?"

"म्हंजी मी चोरते."

"चोरते असं कुठं म्हटलं? नुसतं विचारलं."

"एकेचाळीस वर्सं नुसतं इचारताय! एवढं इचारून दगडालाबी संशय आला असता सवताचा." तानुबाईंनी पदर खोचला. "आता माझं ऐका. एक भारा भाजी शिजवून भाराच ठिवून दाखवा. तसं झालं तर मी चोर. न्हाईतर चार माणसांत उभं ऱ्हाऊन एवढं एकच म्हना, तानुबाईनं एक पान चोरलं न्हाई. तवर मी काय ह्या घरात येत न्हाई."

पिशवी भरली आणि रिक्षानं त्या दिघीला लेकीकडे गेल्या.

दुसरा कुणी असता तर त्या रिक्षामागे धावत जाऊन ते वाक्य बोलून मोकळा झाला असता. पण छत्तीस वर्षं ड्रॉइंग वाचलेल्या माणसाला ऐकू काय आलं? एक भारा शिजवायचा, भाराच राहिला पाहिजे. त्यांनी ते खडूनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून काढलं. त्यांच्या हातून सुटलेला एकही नमुना आकसला म्हणून परत आला नव्हता. चूक झाली ती इथंच. बाईनं भांडण दिलं होतं, यांनी जॉब म्हणून घेतलं.

सोमवारी आम्रपालीचा फोन.

"अण्णा, आई म्हणते, नुसतं एक वाक्य बोला."

"वाक्य नंतर. आधी काम."

"काय काम?"

"तू आईला सांग, डिलिव्हरी रविवारी."

पहिला प्रयत्न साधा होता. भाजी किती आटते ते मोजायचं आणि तेवढी जास्त घालायची. दोन फूट उंचीचा राजगिरा पातेल्यात उभा केला, शिजवला, पट्टी लावली. दोन इंच. म्हणजे एक भारा हवा तर बारा भारे शिजवायचे.

बिरू फाटकाशी टेम्पो लावून ऐकत होता. "अण्णा, बारा भारं? लगीन हाय का काय घरी?"

"लग्न मोडायला आलंय. बारा दे."

"देतो की. पर बाराचा एक झाला, तरी अकरा गेलंच न्हवं? काकू म्हनंल, ते कुनी खाल्लं?"

अण्णासाहेबांनी पट्टी काखेत मारली. भाजी विकणाऱ्यानं पॅटर्नमेकरची चूक दाखवावी, असे दिवस आले होते.

त्या दिवशी त्यांनी खंडूला बोलावलं. खंडू त्यांचा भट्टीवाला, तोही रिटायर. भट्टीच्या धगीनं त्याच्या भुवया एकदा गेल्या त्या परत आल्याच नाहीत, त्यामुळे तो कायम आश्चर्यात असल्यासारखा दिसायचा. त्यानं भिंतीवरचं वाचलं, पातेल्यात बघितलं आणि पहिलाच प्रश्न टाकला,

"अण्णा, रायझर लावलास का?"

अण्णासाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला.

साच्यात लोखंड ओतलं की ते निवताना आत आत ओढलं जातं आणि पोटात पोकळी पडते. ती पडू नये म्हणून साच्यावर जास्तीच्या लोखंडाचा एक खांब उभा ठेवतात. तो रायझर. वस्तू आकसायला लागली की रायझर आपल्या अंगातलं लोखंड तिला पाजत राहतो. वस्तू भरलेली राहते, रायझर खंगतो.

"पण भाजीला रायझर कशाचा?" अण्णासाहेबांनी विचारलं.

दोघांनी एकाच वेळी फ्रीजकडे बघितलं.

पिंपळे सौदागरच्या त्या दुकानात पुनम नावाची मुलगी होती. अण्णासाहेबांनी खिशातून व्हर्नियर काढला आणि एकेक सॉसेज मोजायला लागले.

"काका, काय करताय?"

"बत्तीस मिलिमीटर. हे चालेल. हे सव्वातीस, रिजेक्ट. हे वाकडं आहे."

"काका, सॉसेज वाकडंच असतं."

"तुमच्याकडे असेल. मला सरळ उभं राहणारं पाहिजे."

"पण खायचंय ना शेवटी?"

"बाई, घर वाचवायचंय," अण्णासाहेब म्हणाले. पुनम आत गेली. आतून आणखी चार पाकिटं आणून दिली आणि लांब उभी राहिली. अर्ध्या तासात एकवीस पास झाले.

रविवारी सकाळी स्वयंपाकघराचा कारखाना झाला. तानुबाईंच्या लग्नातलं मोठं पितळी पातेलं माळ्यावरून उतरवलं. बाहेरच्या बाजूला नाव कोरलेलं, "तानुबाईस मामाकडून". बिरूनं निवडक भारा आणला आणि काम बघायला थांबला. टेम्पो फाटकात आडवा सोडून आला होता, त्यामुळे सोसायटीची गर्दीही हॉर्न वाजवत वाजवत शेवटी वरच आली.

लसूण पडली. मिरची काळी झाली. राजगिरा थराथरानं ठासून भरला. खंडू साचा ठोकतात तसा मुठीनं ठोकत होता आणि अण्णासाहेब ओळंबा धरून एकेक सॉसेज भाजीत उभं रोवत होते. एकवीस सॉसेजं अर्धी बाहेर, अर्धी आत, वीटभट्टीच्या धुराड्यांसारखी. खाली जाळ लावला.

"मीठ?" बिरूनं विचारलं.

"मीठ आटल्यावर घालायचं असतं," अण्णासाहेब म्हणाले. "आधी ढीग बघून घातलं तर मागून खारट होतं. एक्केचाळीस वर्षं ऐकतोय मी हे."

वाफ आली. इथं दरवेळी राजगिरा मान टाकतो. आज त्यानं मान टाकली नाही. पानं थरथरली, हिरवीगार झाली, आत कुठंतरी खळखळ झाली आणि सॉसेजं खाली जायला लागली. सहा इंचाची पाच झाली. पाचाची चार. भाजी आहे तिथं. सॉसेजं करंगळीएवढी झाली, मग शेंगेएवढी, मग लवंगेएवढी, आणि राजगिरा पातेल्याच्या काठाशी सूतभरही न हलता तट्ट उभा!

"पितोय रे," खंडू कुजबुजला. "अण्णा, राजगिरा रायझर पितोय." त्याच्या डोळ्याला पाणी आलं. तेवढं पाणी त्यानं भट्टीच्या आगीतही काढलं नव्हतं.

पातेलं फरशीवर पालथं घातलं. ठोकलं. उचललं.

भाजी उभी. पातेल्याच्या आकाराची, गोल, गुळगुळीत, कडेला काठाची रेघ. आणि अंगावर उलट्या अक्षरांत उमटलेलं, "तानुबाईस मामाकडून". नाव कोरलं होतं बाहेरून, उमटलं होतं आतून. भाजी एवढी दाटून भरली होती की पितळाच्या पलीकडचं वाचून घेतलं तिनं.

अण्णासाहेबांनी उलथण्यानं टोला दिला. टण्ण! आवाज आला. आत पोकळी नाही. गवराबाई दारातूनच म्हणाल्या, "ह्याला चाकू लागंल का करवत?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णासाहेबांनी छाती काढून फोन लावला. दिघीला फोन तानुबाईंनीच उचलला.

"तानू, राहिला! भाराच्या भारा. टेप लावून बघ येऊन. एक सूत कमी नाही!"

पलीकडून तानुबाई शांतपणे म्हणाल्या,

"बरं झालं. मग ठरलं तर. मी चोर."

"अगं, तसं नाही..."

"तसंच ठरलं हुतं. भारा राहिला तर मी चोर. एकेचाळीस वर्सं तुमची भाजी चोरली. आता चोराचं तुमच्या घरात काय काम?"

फोन ठेवला. अण्णासाहेब फोन कानाला धरून तसेच उभे. टाळ्या अजून चालू होत्या. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ड्रॉइंग उलटं वाचलं होतं आणि वस्तू मात्र अगदी मापात तयार झाली होती.

"खंडू," ते म्हणाले, "ही आटवली पाहिजे."

"कोण?"

"भाजी. आत्ताच्या आत्ता."

आधी परत पातेल्यात घालून तासभर उकळली. पाणी आटलं, भाजी नाही. झाकणावर वरवंटा ठेवला, वरवंट्यावर पाटा, पाट्यावर बिरू. बिरू म्हणाला, "अण्णा, बुडाला लई ऊन लागतंय." एवढाच परिणाम. मग खंडूला भोसरीच्या शंभर टनाच्या प्रेसची आठवण झाली. तिथला ऑपरेटर सोपानराव ओळखीचा. रविवारचाही ओव्हरटाइम चालूच होता.

भाजी टेम्पोत चढवायला चार माणसं लागली नाहीत, एकच पुरला. वजन होतं भाऱ्याचंच. बिरूनं तिला पोत्यानं झाकलं. भोसरीच्या सिग्नलला शेजारच्या ट्रकवाल्यानं विचारलं, "कोणत्या कंपनीचा माल?" बिरू म्हणाला, "सासुरवाडीचा."

सोपानरावानं जॉब प्रेसखाली आडवा ठेवला. शंभर टन सोडले. प्रेस खाली आला, टेकला, थांबला. तेल तापलं. यंत्र करकरलं. मग अख्ख्या वर्कशॉपनं डोळ्यांनी बघितलं, प्रेसचेच चारही पाय जमिनीपासून वीतभर वर उचलले गेले. भाजी जागच्या जागी. प्रेस परत घेतला तेव्हा त्याच्या पोलादी पाट्यावर स्वच्छ सुलट अक्षरांत छापलं होतं, "तानुबाईस मामाकडून".

तिथं चाकणच्या कुठल्याशा कंपनीतले एक साहेब आपला माल न्यायला आले होते. टाय लावलेले. ते भाजीभोवती दोनदा फिरले, नखानं टोकरून बघितलं.

"व्हायब्रेशन घेतं का हे?"

"घेतं," खंडू म्हणाला. "प्रेस उचलून परत दिला, बघितलंत ना?"

"ग्रेड काय?"

"राजगिरा."

साहेबांनी वहीत लिहिलं. "नवीन दिसतोय. आम्हाला मशीनखाली ठेवायला महिन्याला दोनशे नग लागतील. मटेरियल सर्टिफिकेट देता येईल?"

"साहेब," अण्णासाहेब म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज समोरच्या माणसापर्यंतच पोचेल एवढा निघाला, "ही द्यायची नाही. ही आटवायची आहे. माझी बायको हिच्यात अडकलीय."

साहेबांनी टाय सैल केला आणि वहीतलं पान फाडलं. त्यांचीही माहेरी गेली असावी.

"चल दिघीला," अण्णासाहेब बिरूला म्हणाले.

"आन भाजी?"

"पुढ्यात ठेवतो तिच्या. काय करायचं ते करू दे."

दिघीला आम्रपालीच्या घरापुढे मोकळं अंगण आहे, त्याच्या पलीकडे लष्कराचं तारेचं कुंपण. अंगणात टेम्पो लागला. पोतं काढलं. आम्रपाली बाहेर आली, जावई आला, शेजारची चार दारं उघडली. शेवटी तानुबाई आल्या, हाताला पीठ. त्यांनी भाजीकडे बघितलं, अण्णासाहेबांकडे बघितलं नाही.

अण्णासाहेब टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर उभे राहिले. "ऐका," ते म्हणाले. "तानुबाईनं एक पान चोरलं नाही."

"आता म्हणताय," तानुबाई म्हणाल्या. "पर तुमच्याच मागं पुरावा उभा हाय की भाऱ्याएवढा! लोकांनी वाक्य ऐकायचं का भाजी बघायची?"

"आई, जाऊ दे ना," आम्रपाली म्हणाली.

"तू गप. मी जाऊ दिलं असतं तर ह्यांनी भाजी कशाला ओतली असती?"

लोक म्हणाले, बाईंचं खरं आहे. खंडूनं भुवया नसलेलं कपाळ आणखी वर चढवलं. अण्णासाहेब फाळक्यावरून खाली उतरले. उतरताना ते खरोखर फुटामागे सूतभर कमी दिसत होते.

"तानू, मी सगळं करून बघितलं. शंभर टनानं आटली नाही. मला आता काही येत नाही."

हे "येत नाही" तानुबाईंनी एक्केचाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. त्या पुढे आल्या, भाजीवर बोट ओढलं आणि जिभेला लावलं.

"मीठ कुठाय?"

"आटल्यावर घालायचं ना? तूच म्हणतेस."

"मग?"

"आटलीच नाही. मग घातलं नाही."

तानुबाईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. रडत होत्या का हसत होत्या हे अण्णासाहेबांना कळेना, त्यामुळे त्यांनी दोन्हीसाठी तोंड तयार ठेवलं.

"आम्रे, सांडशी आन. आन मिठाचा डबा. आन माझी पिशवी."

सांडशीनं त्यांनी लवंगेएवढं एकेक सॉसेज मुळासकट उपटून बाजूला परातीत काढलं. एकवीस भोकं पडली. मग चिमटीत मीठ घेतलं, अण्णासाहेबांनी मोजलं नाही, त्यांनीही मोजलं नाही, आणि वरून हात फिरवला.

क्षणभर काही झालं नाही. मग राजगिऱ्यानं सुस्कारा सोडला. असा लांब, असा दमलेला सुस्कारा की तारेपलीकडच्या पहारेकऱ्यानं शिट्टी तोंडात धरली. एकवीस भोकांतून एकवीस कारंजी उडाली, लसणीच्या वासाचं धुकं अंगणभर पसरलं आणि धुक्यात भाजी बसत गेली. भाऱ्याची पाटी झाली. पाटीची परडी. "मामाकडून" गेलं, मग "तानुबाईस" गेलं. परडीची ओंजळ झाली. परातीत इकडं सॉसेजं फुगत होती, लवंगेची शेंग, शेंगेची करंगळी, आणि शेवटी बत्तीस मिलिमीटरची टपोरी एकवीस.

धुकं विरलं. टेम्पोच्या फाळक्यावर वाटीभर राजगिरा. काळाभोर, तेल सुटलेला, वास असा की जावई न बोलावता ताट घेऊन आला.

अण्णासाहेब भाजीवर वाकले. एक्केचाळीस वर्षांची सवय ती. कंबर वाकली, मान वाकली, तोंड उघडलं. आम्रपालीनं डोळे मिटले. खंडूनं देवाचं नाव घेतलं. तानुबाई पिशवीच्या बंदाशी हात नेऊन थांबल्या.

अण्णासाहेबांनी परातीतलं एक सॉसेज उचललं, आख्खं, चटका देणारं, आणि स्वतःच्या तोंडात कोंबलं.

शब्द आतल्या आत अडला. गळ्याची घाटी दोनदा वर-खाली झाली, डोळ्यांतून पाणी आलं, कान लाल झाले. पण बाहेर आली ती फक्त वाफ.

"भाजलं का?" तानुबाईंनी विचारलं.

त्यांनी मान डोलावली.

"भाजू द्या." तानुबाई म्हणाल्या आणि पिशवी बिरूच्या टेम्पोत ठेवली. "आम्रे, पिठाचं तू बघ. मी निघते. ह्यांना भाकरी कोन घालंल?"

तेव्हापासून चिंचवडात हा नेमच पडला. रविवारी झाकण काढायच्या आधी तानुबाई एक सॉसेज बाजूला काढून अण्णासाहेबांच्या हातात देतात. ते तोंडात धरतात, मग पातेल्यात वाकतात, बघतात, मान डोलावतात आणि पाटावर बसतात. सोसायटीतली माणसं म्हणतात, आता आवाज येत नाही, घड्याळ लावायला अडचण होते.

पहिल्याच रविवारी ते तसे बसले होते, तोंडात सॉसेज, समोर ताट. दार उघडंच होतं. समोरच्या गवराबाई आत आल्या. हातात स्टीलची वाटी, घासूनपुसून लख्ख, काठावर कोरलेलं नाव "तानुबाई ओव्हाळ".

"घ्या गं बाई तुमची वाटी, मागच्या खेपेची राहिली होती," त्या म्हणाल्या. "भाजी झकास झाली होती, नेहमीसारखी. रिकामी कशी परत देऊ? म्हणून लोणचं घातलंय."

लिंबाचं होतं. वास ओळखीचा.

अण्णासाहेबांनी वाटीकडे बघितलं. गवराबाईंकडे बघितलं. एक्केचाळीस वर्षांचे रविवार त्यांच्या डोळ्यांपुढून पळत गेले, प्रत्येकाच्या हातात एक वाटी.

तानुबाई भाकरी थापत होत्या. थापता थापता हात थांबला. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

अण्णासाहेबांनी सॉसेज दातांत घट्ट धरलं, वाटी पुढे ओढली आणि लोणच्याची एक फोड ताटात वाढून घेतली.